कांद्याचे चार ढीग आणि एक उपग्रह

मला कुणी विचारलं, की तुमच्या आयुष्यातला सगळ्यात भारी दिवस कोणता, तर मी लग्नाचा दिवस सांगत नाही. नोकरी लागली तोही नाही. आमच्या खळ्यात कांद्याचे चार ढीग मांडून आबांनी पाच देशांच्या इंजिनिअरांना पाणीवाटप शिकवलं, तो रविवार मी सांगते. नवरा हे ऐकून तोंड पाडतो. पाडू दे. खरं ते खरं.

मी नाशिकला एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. माझा आवाज मोठा, राग नाकाच्या शेंड्यावर, आणि सर्किट चुकीचं जोडलं की मी समोरच्याचं वय बघत नाही. सतरा वर्षं तेच धडे शिकवून मी पार कंटाळले होते. अशात एका दिवाळीआधी प्राचार्यांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, की आफ्रिकेतल्या पाच देशांनी मिळून एक छोटा उपग्रह बनवायचं ठरवलंय. त्यांचे इंजिनिअर चार महिने आपल्याकडे शिकायला येणार आहेत. आमच्या कॉलेजने आधी विद्यार्थ्यांकडून असाच एक लहान उपग्रह बनवून घेतला होता आणि त्याची वीज, म्हणजे बॅटरी आणि सोलर पॅनेल, माझ्याकडे होती. म्हणून याही वेळी वीज माझ्याकडेच.

मी केबिनमधून बाहेर आले ती जवळपास पळतच. स्टाफरूममध्ये जाऊन चहा सांगितला आणि प्यायला विसरले. पाच देश! आमच्या सोसायटीत पार्किंगच्या पट्ट्यांवरून तीन मजले एकमेकांशी बोलत नाहीत, आणि इथे पाच देश मिळून एक वस्तू आभाळात सोडणार होते. त्यातली वीज मी शिकवणार होते. मला नुसत्या उड्या माराव्याशा वाटत होत्या.

ते आले. कुणाचीच नावं मी इथे लिहिणार नाही. तशीही मनातल्या मनात मी त्यांना त्यांच्या देशांवरूनच ओळखायचे. समुद्रकाठचे गृहस्थ सगळ्यांत मोठ्या देशाचे, वयानेही मोठे, रोज कडक इस्त्रीचा शर्ट घालणारे. उपग्रहाशी बोलायला लागणारा मोठा अँटेना आणि कंट्रोल रूम फक्त त्यांच्याच देशात तयार होती. तळ्याकाठची सगळ्यांत लहान देशाची, वयानेही लहान, हसरी, पण कामाला बसली की हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. कॅमेरा तिच्याकडे होता. बाकीचे तिघं, त्यातले दोघं वाळवंटाकडचे आणि एक डोंगराकडचा. वाळवंटाकडच्यांपैकी एकाला फ्रेंचच येत असे, त्यामुळे मी इंग्रजीत रागावले की दुसरा ते त्याला फ्रेंचमध्ये सांगायचा. तोवर माझा राग गेलेला असायचा.

उपग्रह म्हटलं की लोकांना काहीतरी अवाढव्य वाटतं. आमचा हा डबा पाच लिटरच्या तेलाच्या कॅनपेक्षाही बारीक होता. त्यातच कॅमेरा, रेडिओ, बॅटरी, सगळं. इथे आम्ही चालतं मॉडेल बनवत होतो, खरा उपग्रह ते परत जाऊन त्यांच्याकडे जोडणार होते. ज्या दिवशी पहिल्यांदा बॅटरी भरली, पॅनेलवर दिवा धरला आणि कॅमेऱ्याने लॅबच्या खिडकीतून समोरच्या पेरूच्या झाडाचा फोटो काढून आमच्या कॉम्प्युटरवर पाठवला, त्या दिवशी आम्ही सहाही जण लहान पोरांसारखे ओरडलो. शिपाई धावत आला, त्याला वाटलं शॉक लागला कुणाला.

तळ्याकाठचीने मला एकदा मोबाइलवर तिच्या गावाकडचे फोटो दाखवले. सगळं तळं हिरव्यागार जलपर्णीने भरलेलं आणि मधे अडकलेल्या मासेमारांच्या होड्या. मी म्हटलं, अगं, हे तर आमच्याकडेही आहे, सायखेड्याच्या पुलाखाली गोदावरीत येऊन बघ. दुसऱ्याच दिवशी मी तिला गाडीवर मागे बसवून सायखेड्याला नेलं. पुलाच्या कठड्याला टेकून ती बराच वेळ खाली बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, जलपर्णी कुठे वाढतेय हे वरून आठवड्याच्या आठवड्याला दिसलं, तर होड्या कुठून न्यायच्या ते लोकांना सांगता येईल. मी एवढ्यासाठीच आलेय." तेव्हापासून ती मला पोटच्या पोरीसारखी वाटायला लागली. हे मी तिला कधी बोलले नाही, पण ती ओळखून होती.

भांडण लागलं ते माझ्यामुळेच. म्हणजे माझ्या विषयामुळे.

उपग्रह पृथ्वीभोवती फिरताना प्रत्येक फेरीत काही वेळ सावलीत जातो. तेव्हा चार्जिंग बंद. कॅमेरा वीज खातो, आणि फोटो खाली पाठवणारा रेडिओ तर बकासुरासारखा खातो. सगळी आकडेमोड करून एका सोमवारी मी फळ्यावर लिहिलं, की या डब्याला दिवसाला वीस फोटो झेपतील. एकविसावा मागितलात तर बॅटरी बसेल. आणि बॅटरी जुनी झाली की वीसही मिळणार नाहीत.

वीस हा आकडा फळ्यावर आला आणि लॅबमधलं हसणंखिदळणं बंद झालं. तोवर सगळं "आपलं" होतं, आता प्रत्येकाने आपापला कागद काढला. समुद्रकाठचे म्हणाले, क्षेत्रफळाप्रमाणे वाटू. म्हणजे त्यांना नऊ. वाळवंटाकडचे म्हणाले, आमचे देश मोठे आहेत पण निम्मे रिकामे आहेत, म्हणून काय आमचे फोटो कापणार? डोंगराकडचा म्हणाला, आमच्यावर कायम ढग, आम्हाला जास्तीचे लागतील. या सगळ्यात तळ्याकाठचीच्या वाट्याला दिवसाचा एक फोटो आला. वीज कमी पडली तर यादीच्या खालून कापायचं असं ठरत होतं, आणि यादीत सगळ्यांत खाली तीच.

चार दिवस ती वाद घालत राहिली. शुक्रवारी दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली आणि खाली मान घालून म्हणाली, "माझ्या साहेबांचा फोन आला होता. पुढच्या शुक्रवारपर्यंत करारात आमचा पक्का वाटा लिहिला गेला नाही, तर आमचा देश यातून बाहेर पडणार. मला तिकीट काढायला सांगितलंय."

मला इतका संताप आला, की मी हातातला स्क्रू ड्रायव्हर टेबलावर आपटला. पण रागावणार कुणावर? प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं. मी तशीच मागच्या बेंचपाशी जाऊन सगळ्यांना मोठ्याने म्हटलं, की रविवारी कुणीही कॉलेजात यायचं नाही. मी तुम्हाला माझ्या गावाला नेणार आहे. भांडायचं असेल तर पोटभर जेवून भांडा.

खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या डोक्यात फक्त जेवणच होतं.

आमचं गाव नामपूरच्या अलीकडे, मोसम नदीच्या काठाला. मिनीबस करून सकाळी निघालो. सोग्रस फाट्यावरून आत वळल्यावर देवळा, मग सटाणा. नामपूर यायच्या आधीच रस्त्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली आणि बसमध्ये वास भरला. वाळवंटाकडच्या दोघांनी खिडक्या उघडून छाती भरून वास घेतला. घरी वहिनीने बाजरीच्या भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा केला होता. भाकरी बघून तेच दोघं ताडकन उठले. बाजरी! त्यांच्याकडे रोज बाजरीच खातात म्हणे, फक्त आमच्यासारखी थापत नाहीत, शिजवून गोळे करतात. वहिनीला भाषा येत नव्हती, पण तिने त्यांना परातीपाशी बसवलं आणि हातात गोळा दिला. त्यांनी थापलेल्या भाकरीचे नकाशे बघून समुद्रकाठचेसुद्धा पहिल्यांदा मनमोकळे हसले.

आबा ओट्यावर बसून हे सगळं बघत होते. आबा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर ते गावच्या फडाचे पाटकरी होते. नदीत जुना दगडी बंधारा आहे, तिथून पाट निघतो, आणि पाटाखालची सगळी जमीन चार भागांत वाटलेली आहे. त्या एकेका भागाला फड म्हणतात. कोणत्या वावरात पाणी कधी सोडायचं आणि कधी बंद करायचं, हे पाटकरी बघतो. आबा शिकले चौथी, पण पाण्याच्या बाबतीत त्यांचा शब्द सरपंचही मोडत नसे.

जेवणं झाल्यावर आबांनी मला अहिराणीत विचारलं, की ही माणसं एवढी हसतात, पण एकमेकांकडे बघत का नाहीत? मी चाटच पडले. मग मी त्यांना सगळं सांगितलं. डबा, वीस फोटो, पाच देश, आणि ही पोर परत जायला निघालीय ते. आबांनी ऐकून घेतलं, तंबाखूची चिमूट थुंकून आले, आणि म्हणाले, "कांदा आन."

कांदे काय, खळ्यात हिवाळ्यात निघणाऱ्या रांगड्या कांद्याचा डोंगरच पडला होता. आबांनी त्यातून चार ढीग मांडायला लावले. हे चार फड. मग पाचही जणांना उभं केलं आणि प्रत्येकाला सांगितलं, की प्रत्येक ढिगातला एकेक कांदा तुझा. मला वाटलं होतं ते पाच ढीग करतील, एकेकाला एकेक. पण तसं नव्हतं. आमच्याकडे कुणाचाच आख्खा फड नसतो. प्रत्येक घराची एक पट्टी या फडात, एक त्या फडात, अशी चारही फडांत असते. लहानपणापासून मी हे बघत होते, आणि मला कधी त्याचं काही वाटलं नव्हतं.

"आते पाऊस कमी व्हयना," आबा म्हणाले. पाऊस कमी झाला, चार फडांना पाणी पुरणार नाही. त्यांनी चपलेच्या टोकाने एक ढीग बाजूला लोटला. यंदा हा फड कोरडा. "सांगा, कोनं नुकसान व्हयनं?"

कुणाचं नुकसान झालं, हे मी इंग्रजीत विचारलं, वाळवंटाकडच्या दुसऱ्याने फ्रेंचमध्ये. पाचही जण लोटलेल्या ढिगाकडे, मग एकमेकांकडे बघायला लागले. प्रत्येकाचा एकच कांदा गेला होता. कुणाचेच सगळे गेले नव्हते.

"पानी कमी पडनं, ते बठ्ठास्ले कमी पडाले जोयजे," आबा म्हणाले. पाणी कमी पडलं तर सगळ्यांनाच कमी पडलं पाहिजे. "एकलाच कोरडा कसाले ऱ्हाई?" एकट्यानेच कोरडं का राहायचं?

डोंगराकडच्याने खिशातून वही काढली. तळ्याकाठची कांद्यांच्या ढिगांपाशी उकिडवी बसली आणि एकदम म्हणाली, "मॅडम, आपण देशांनुसार वाटत होतो. कामानुसार वाटलं तर? शेती हा एक ढीग, पाणी दुसरा, जंगल तिसरा, शहरं चौथा. प्रत्येक देशाचे चारही ढिगांत फोटो. वीज कमी पडली, तर सगळ्यांचा एकच ढीग बंद!" वीस फोटो, चार ढीग, पाच देश, अगदी बरोबर बसत होतं. मी तिला मिठीच मारली.

समुद्रकाठचे मात्र हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी आबांना विचारायला सांगितलं, की पाणी ज्याच्या हातात असतं, तो स्वतःच्या शेताला जास्त घेत नाही का? खोचक प्रश्न होता. कंट्रोल रूम त्यांच्याकडे असणार होती आणि सगळ्यांना नेमकी हीच भीती होती, ते त्यांनाही माहीत होतं. आबा हसले. "मना हातमा पानी, म्हनीसन मना वावरले शेवटला." पाणी माझ्या हातात, म्हणून माझ्या वावराला सगळ्यांत शेवटी. आमच्या गावचा तसाच नेम आहे. पाटकऱ्याच्या वावराची पाळी शेवटची, म्हणजे पाणी शेवटपर्यंत पोचेल याची काळजी त्यालाच पडते.

मग तळ्याकाठचीने सहज विचारलं, "आबा, तुमचं शेत कुठलं? आता कुणाची पाळी चालू आहे?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "आते आमनं बोअर शे." आता आमची बोअर आहे. एवढंच बोलले आणि तंबाखूची डबी शोधायला लागले.

आणि मी, जी लॅबमध्ये चुकीची वायर जोडली म्हणून पोरांना दारात उभं करते, ती मी भाषांतर करताना खोटं बोलले. मी इंग्रजीत सांगितलं, की आमचं शेत अजून पाळीतच आहे, पाटाच्या शेवटी. सगळ्यांनी माना डोलावल्या. आबांना इंग्रजी येत नाही, पण माझा चेहरा त्यांना लहानपणापासून वाचता येतो. परत येताना बसमध्ये सगळे गाणी म्हणत होते. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

सोमवारी लॅबमध्ये वाटणीचा नवा कागद तयार झाला. तळ्याकाठचीने तो इतक्या सुंदर अक्षरात लिहिला होता, की मला वाटलं आता झालंच. बाकीचे तिघं लगेच तयार झाले. समुद्रकाठच्यांनी कागद दोनदा वाचला आणि खाली ठेवला.

"तुमच्या वडिलांची पद्धत मला मनापासून आवडली," ते मला म्हणाले. "पण तुमच्या गावात ती चालते, कारण दुसरा इलाज नाही. आमच्याकडे आहे. थोड्या वर्षांनी आम्ही आमचा स्वतःचा उपग्रह सोडू शकतो. मग या वाटणीत आम्ही का राहायचं? माझे साहेब मला पहिला हाच प्रश्न विचारतील. तुमच्या गावात ज्याच्याकडे स्वतःचं पाणी आलं, तो फडात राहिला का?"

तळ्याकाठची माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं मॅडमकडे याचं उत्तर असणार. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते सांगायचं म्हणजे रविवारचं खोटं सगळ्यांसमोर उघडं पाडायचं. शुक्रवार चार दिवसांवर होता. मी म्हटलं, बसा, मला सांगायचंय.

मी सांगितलं, की मी काल खोटं बोलले. आमचं शेत पाळीत नाही. नोकरी लागल्यावर माझ्याच पगारातून मी वरच्या वावरात बोअर घेतली. आबा नको म्हणत होते, मीच हट्ट केला. पाळीची वाट बघत पाटावर ताटकळणाऱ्या बापाची मला लाज वाटायची. बोअरला पाणी लागलं तेव्हा मी पेढे वाटले. त्या वर्षापासून आम्ही पाट काढायला गेलो नाही. आमच्याकडे नवरात्रानंतर प्रत्येक घरचा एक माणूस फावडं घेऊन जातो आणि सगळे मिळून पाटातला गाळ काढतात. आता आम्हाला पाटाचं काय काम? पाटकऱ्याच्याच घरून कुणी आलं नाही म्हटल्यावर आणखी चार घरांनी बोअर घेतल्या आणि तेही यायचे बंद झाले. माणसं कमी, गाळ जास्त. पाणी शेवटच्या वावरांपर्यंत पोचेना. शेवटच्या वावरांत जे होते ते बोअर घेऊ शकणारे नव्हतेच.

"आणि तुमची बोअर?" समुद्रकाठच्यांनी विचारलं.

"तिसऱ्या उन्हाळ्यात आटली," मी म्हटलं. "पाटात पाणी मुरायचं बंद झालं होतं ना. मग आम्ही पुन्हा पाटाकडे बघितलं, तर पाटात गवत. अजून खोल बोअर घेतली, ती हिवाळाभर चालते, उन्हाळ्यात नाही. आबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. काल तुमच्यासमोरही नाहीत."

मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता. फ्रेंचमध्ये भाषांतर संपलं. मग समुद्रकाठच्यांनी खुर्ची पुढे ओढली, कागद जवळ घेतला आणि खिशाचं पेन काढलं. त्यांनी खाली एक ओळ वाढवली. आपापला उपग्रह कुणीही सोडावा, पण दरवर्षी प्रत्येक देशाने आपला एक माणूस या सामाईक उपग्रहाच्या कामाला पाठवलाच पाहिजे. मग दुसरी ओळ. कंट्रोल रूम ज्याच्याकडे, त्याच्या फोटोंची पाळी शेवटची.

"माझ्या साहेबांना काय सांगायचं ते आता मला कळलं," ते म्हणाले. "काल तुम्ही सांगितलेलं ऐकून त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि सही केली नसती. आज ऐकतील."

मंगळवार, बुधवार, गुरुवार नुसते फोन. लॅबच्या प्रत्येक कोपऱ्यात कुणीतरी आपल्या देशाशी आपापल्या भाषेत बोलत होतं आणि मी चहा पुरवत होते. शुक्रवारी दुपारी तळ्याकाठची व्हरांड्यातून धावत आली, दारातल्या बादलीला अडखळली, सावरली आणि मोबाइल उंच धरून ओरडली, "आम्ही राहतोय! आम्ही राहतोय!" समुद्रकाठच्यांनी तिला उचललंच. कडक इस्त्रीचा शर्ट पार चुरगळला. शिपाई पुन्हा धावत आला, आणि या वेळी त्यालाही पेढा मिळाला.

ते गेले, त्यांनी त्यांच्याकडे खरा उपग्रह जोडला, आणि पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता तो वर गेला. मी कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये पोरांबरोबर बसून ते मोबाइलवर बघितलं. रॉकेट दिसेनासं झालं तरी मी उभीच होते. त्या डब्यातल्या एकेका वायरीशी माझं भांडण झालेलं होतं. दोन दिवसांनी तळ्याकाठचीने पहिला फोटो पाठवला. निळं तळं, काठाला हिरवी जलपर्णी, आणि मधे होड्यांना जायला मोकळी वाट. मी तो फोटो स्टाफरूमच्या फळ्यावर चिकटवला आणि येईल त्याला धरून दाखवला.

आठच दिवसांत एक पॅनेल नीट उघडलं नसल्याचं कळलं. वीज कमी पडणार होती. कागदावर सही करणं वेगळं आणि पाणी आटल्यावर तो कागद पाळणं वेगळं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? दिवसभर मी फोन हातातून खाली ठेवला नाही. संध्याकाळी चारच्या सुमारास समुद्रकाठच्यांचा मेसेज आला. पॅनेल पूर्ण उघडेपर्यंत शहरांचा ढीग सगळ्यांसाठी बंद, बाकीचे तीन चालू. शहरांचे फोटो सगळ्यांत जास्त हवे होते ते त्यांच्याच देशाला. खाली लिहिलं होतं, तुमच्या वडिलांना विचारून सांगा, आम्ही बरोबर केलं ना.

मी तिथल्या तिथे आबांना फोन लावला. एकेक शब्द अहिराणीत करून सांगितला. या वेळी काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही. सांगता सांगता मी इतकी आनंदले होते, की माझा आवाज स्टाफरूमच्या बाहेर जात होता. आबा ऐकत होते.

"चांगलं करं त्यास्नी," ते म्हणाले. "आते तू सांग. दसरा ते व्हई गया. पाट काढाले तू कव्हय येस?" दसरा तर होऊन गेला, पाट काढायला तू कधी येतेस?

मी शनिवारी सकाळच्या पहिल्या एसटीने सटाण्यावरून गावी गेले. पाटावर अकरा माणसं होती, मला बघून एकाने सरकून जागा दिली. आबांनी घरून दोन फावडी आणली होती.